कोपऱ्यातली कळशी

भांडी बाजारात मी नावं घालायचो.
लग्नाची ताटं, बारशाच्या वाट्या,
'कै. सोनुबाई यांच्या स्मरणार्थ',
अक्षराला दहा पैसे, काना-मात्रा फुकट.

बाई आल्या त्या एक्काहत्तर साली, दसऱ्याच्या गर्दीत.
तपेलं पुढे केलं. म्हणाल्या, बुडावर
इथून तिथवर बारा रेघा ओढ,
एकमेकींना लागू देऊ नकोस.
ओढल्या. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं,
बराच वेळ बघत राहिल्या, मग विचारलं,
चहा किती पितोस?
सहा कप.
सोडशील?

अशी लागली मला सातपूरची नोकरी.

कुमुद निजामपूरकर. तांबट आळीतल्या.
बापाच्या हातोड्यावर पाढे पाठ केलेले,
म्हणून शेवटपर्यंत मोठ्यानं बोलायच्या.
हंड्याला चीर कुठं, ते टिचकी मारून सांगायच्या.
अमेरिकेत सहा वर्षं तेच केलं म्हणे,
फक्त हंडा कणीएवढा
आणि टिचकी विजेची.
परत का आलात, असं कुणी विचारलं तर:
झोप लागेना. फार शांत होतं तिथं.

पत्र्याची शेड, आम्ही सहा जण,
टेबलभर पसरलेला लाल फिल्मचा ताव.
त्यावर पात्यानं गल्ल्या कापायच्या.
बाई मागे उभ्या: हा रविवार कारंजा धर,
वीज इथून शिरणार, दहीपुलाकडे वळणार,
इथं तिला अडव. इथं सोड. इथं परत अडव.
मग त्या अख्ख्या शहराचा फोटो
लहान करत करत नखावर आणायचा,
तोही रात्री दोननंतर,
त्र्यंबक रोडचे ट्रक थांबले की.
एक ट्रक गेला तरी गल्ल्या हलायच्या.

आणि पाणी. गंगेचं पाणी सात वेळा गाळायचो,
मीठ नाही, माती नाही, चव नाही,
जिभेवर ठेवलं तर जीभच परकी वाटायची.
बाई म्हणायच्या, रामकुंडावर सगळं जग येऊन टाकतं.
आपण काढतोय.

पहिल्या खेपेला चारशे दहा चिपा.
जिवंत निघाल्या तीन.
मालकांनी कपाळाला हात लावला.
बाईंनी आम्हाला मिसळ खिलवली
आणि परत आत घेताना हात कोपरापर्यंत धुवायला लावले.

पुढे आमची चिप लासलगावच्या काट्यांत बसली,
रिक्षांच्या मीटरात बसली,
ग्राहकांनी दोन्हींना शिव्या घातल्या.
मग परदेशी माल पोत्यानं येऊ लागला,
आमच्या एकीच्या भावात चाळीस.
अठ्ठ्याऐंशीत शेड बंद.
आता तिथं द्राक्षांचे खोके बनतात,
चांगले मजबूत असतात.

बाईंनी चौतीस वर्षं दहावीचं गणित शिकवलं.
फी चोख घेतली. शेडचं नाव काढलं नाही.
पेपरात दोन ओळी आल्या:
कुमुद निजामपूरकर (८४), शिकवणी घेत असत.

दहाव्याला मी आणि त्यांचा भाचा.
कुंडात हाडं विरतात म्हणतात,
आम्ही बघत थांबलो नाही.
पायऱ्या चढताना त्यानं विचारलं,
मावशी नक्की करायची काय?

घरी आणलं त्याला.
भंगारातला एक काटा मी जपून ठेवलाय,
त्यातली चिप काढून, टोपण खरवडून
शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.
म्हटलं, डावीकडे खाली सरक,
जिथं एकही गल्ली जात नाही त्या कोपऱ्यात.
कळशी दिसते का? मी कापलीय ती,
बाईंनी मान, गळा, काठ बोटानं दाखवला तशी.

खाली नाव घालू का तुमचं, विचारलं होतं मी.
बाजारातली सवय.
त्या म्हणाल्या, तांबट स्वतःचं नाव कधी घालतो का?
नेणाऱ्याचं असतं ते.
तेवढी जागा रिकामी सोड.

भाचा म्हणाला, धूसर दिसतंय सगळं, हलतंय.
थांब म्हटलं जरा.
बाहेरून ट्रक जातोय.