नऊ रियाल, नऊशे बैसा

हेमंतने आधी एक तक्ता केला.
वजन, चाकं, पट्टे, किंमत,
आणि शेवटच्या रकान्यात 'शेरा'.
क्वांटिटी सर्व्हेअर माणूस, पुलांचं काँक्रीट मोजतो,
त्याला वाटतं बाबागाडीही अशीच निघेल बेरजेतून.

मी नुसत्या पायऱ्या मोजल्या. अठ्ठेचाळीस.
रुवीत, होंडा रोडच्या मागची आमची इमारत.
लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टचं दार आहे,
त्यावर गेल्या रमजानपासून चिकटपट्टीने लावलेला कागद.
जुई अकरा किलो. कांदे-बटाटे चार.
लबानची बाटली, पाव, डायपरचं पुडकं वेगळंच.
एवढं घेऊन उरलेल्या बोटांना जी उचलेल
ती गाडी आपली.

बेचाळीस रियालवालीला मी फक्त हात लावला.
पाळण्यासारखी डुलत होती, चहाचा कप ठेवायचीही सोय.
तेरा किलो.
तिच्यासोबत एक लिफ्ट फुकट द्यायला हवी.

मागच्या रांगेत त्या उभ्या होत्या,
मिटलेल्या, मुठी वाकवून, स्टँडमधल्या छत्र्यांसारख्या.
अंब्रेला स्ट्रोलर.
वर्षातून दोन-चारदा पाऊस बघणाऱ्या गावात
आम्ही छत्री नावाची वस्तू घ्यायला आलेलो,
आणि तिचं छत बघावं तर पोळीएवढं.
दुपारी चारला जुईचं कपाळ तेवढं सावलीत राहील,
नाकाने आपलं आपण बघावं.

'एका हाताने मिटते', खोक्यावर लिहिलं होतं.
दुसऱ्या हातात काय असेल ते लिहिलं नव्हतं.
मी जुईला कडेवर घेऊनच मिटवून पाहिल्या.
पहिली हलेचना.
दुसरीने बोट चिमटलं.
तिसरीच्या खटक्यावर दुकानातल्या शाजीने पाय टेकवला
आणि ती गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली.
"मॅडम, लात इधर," तो म्हणाला. "प्यार से."

काळी नको म्हटलं.
मे महिन्यात काळं कापड म्हणजे तवा
आणि पट्ट्याची कडी म्हणजे तापलेलं उलथनं.
राखाडी घेतली. साडेपाच किलो.
हेमंतने दांडे धरून दुकानातच चार पावलं टाकली,
चारही वेळा बूट चाकावर.
फोन काढून शेऱ्यात काहीतरी लिहिलं त्याने.
मी विचारलं नाही.
ढकलणार कोण, हे ठरलेलंच होतं.

नऊ रियाल, नऊशे बैसा.
इथल्या चिल्लरीचं हे नाव मला पहिल्या दिवसापासून आवडतं.
जुन्या पोथीतल्या मराठीत
कोणीतरी दारातल्या पाहुण्याला म्हणतंय, या, बैसा.
दहाची नोट दिली, शंभर बैसा परत.

जुई मात्र बैसेना.
पट्टा लावताना अंगाची कमान केली,
ओरडून सगळं दुकान गोळा केलं,
खाली उतरली, मागे गेली,
आणि दोन्ही मुठी डोक्यावर नेऊन
ढकलत निघाली रिकामी गाडी.
होंडा रोडभर. झुंबरांच्या दुकानांपुढून,
शावरमाच्या वासातून,
मगरिबनंतरच्या गर्दीतून.
एका ओमानी आजोबांनी काठी उचलून वाट दिली.
फूटपाथ तुटला की ती थांबायची,
आम्ही गाडी उचलून पलीकडे ठेवायचो,
तिला हात लावायची मुभा नव्हती.

कोपऱ्यावर हेमंतने कलिंगड घेतलं
आणि हळूच सीटवर ठेवलं. पट्टा लावला.
ते बसलं. मान न हलवता, शहाण्यासारखं.
जुईने एकदा वाकून बघितलं त्याच्याकडे
आणि चाल हळू केली.

पायऱ्यांपाशी येईतो ती पेंगलेली.
ती माझ्या खांद्यावर, कलिंगड हेमंतच्या काखेत,
गाडी माझ्या कोपराला, छत्रीसारखीच अडकवलेली.
एक चाक दर पायरीला टक् करायचं.
मी मोजायचं सोडून दिलं.

रात्री तक्ता उघडून बघितला.
शेरा: दांडा आखूड. वाकेन.

कलिंगड आतून पांढरं निघालं.