हवा काढताना

माहेरून आलेल्या वस्तूंपैकी
एवढा एक पाना उरलाय, सतरा-एकोणीसचा.
पितळ केव्हाच मोडीत गेलं.
जॅक लावण्याआधी नट सैल करायचे, हे अण्णांचं.
पुढच्या चाकांना विटा, हेही त्यांचंच.
हँडब्रेक मात्र सोडलेला हवा,
नाहीतर ड्रम निघत नाही, शिव्या निघतात.

पालद्यातल्या गोदामामागे सकाळी नऊला
पिकअप तीन चाकांवर उभी.
हेरंब बाजूला, मोबाइलमध्ये.
परवा बडवाहला कांदा टाकून आला.
कसा होता घाट?
नेहमीसारखा. थोडा ट्रॅफिक.
रात्री जेवला नाही. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

ड्रम जाम.
कडेकडेने हातोडी झाली, काही उपयोग नाही.
मग त्याच्याच अंगावरच्या दोन भोकांत
आठचे बोल्ट पिळत गेले,
आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा,
आणि तो एकदम हातात आला,
दुधाचा दात यावा तसा.

आत फुंकर मारायची नसते.
ती काळी भुकटी छातीत राहते. अण्णांच्या राहिली.
ओल्या फडक्याने टिपत गेले
आणि हात थांबला.

ड्रमच्या आत, घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडावर
निळे डाग. चार, पाच,
दौत सांडल्यासारखे.
लायनरवर काचेची चकाकी.
वास अजून होता, जळक्या शिंगाचा.
लोखंड असं निळं एकाच कारणाने होतं:
सव्वा टन कांदा मागून ढकलतोय,
पाय पेडलवर, पेडल खाली, आणखी खाली,
आणि वळण संपत नाही.
गिअर उतरवायचं सुचलं असेल,
म्हणून तर इथे मोबाइलमध्ये तोंड घालून उभा आहे.

मी काही विचारलं नाही.
एक बाजू उघडली की दुसरी बंदच ठेवावी;
कुठली स्प्रिंग कुठे, विसरलं तर तिकडे पाहून घेता येतं.
एकुलत्या मुलाला अशी दुसरी बाजू नसते.

रईसभाई लेथवाल्यांनी ड्रमवरून नुसतं बोट फिरवलं.
"दीदी, इसमें अब जान नहीं."
म्हणून नवा ड्रम, आणि नवलख्यावरून सुराणांचे नवे शू,
राखाडी, कोरे,
अजून कशालाच न घासलेले.
त्यांना ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही.
ग्रीस फक्त मागच्या ताटलीवरच्या सहा उंचवट्यांना,
तेही काजळाएवढं.
सिलिंडरचं रबर उलटून पाहिलं: ओलं.
तोही बदलला.
मग अ‍ॅडजस्टरचा तारा एकेक दाता पुढे,
चाक आतून खसखसेपर्यंत,
आणि तिथून दोन दाते मागे.
चिकटून राहिलं तर तापतं.
फार सैल सोडलं तर वेळेवर धरत नाही.

उरली हवा. ते काम एकट्याचं नाही.
हेरंब वर, सीटवर.
मी खाली गोणपाटावर, नळीचं टोक बाटलीत बुडवून.
एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.
दाब.
धर.
निपल पाव फेरा उघडला
तसं चहाच्या रंगाचं तेल आलं, त्यात बुडबुडे.
बंद. सोड.
दाब. धर. बंद. सोड.
घाटात याला कोणी "धर" म्हणायला नव्हतं.

पाचव्या वेळी जरा जास्तच धरायला लावलं.
बुडबुडे संपले होते, तेल स्वच्छ येऊन थांबलं होतं.
वर त्याचा पाय थरथरतोय
एवढं गाडीच्या अंगातून मला कळत होतं.
"आई," वरून आवाज आला,
"परवा सिमरोलला..."

मी आधी निपल बंद केला.
तो क्रम चुकवून चालत नाही,
हवा परत आत जाते.
मग म्हटलं, सोड.

उजवी बाजू अजून उघडायची होती.