लाभपाचमेपर्यंत

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
वीरेनभाईचं ट्रॅव्हल्स.
काचेवर रंगवलेली इनोव्हा, टेम्पो,
आणि एक उंट, रंग उडालेला.

"बेन, मोडुं थई गयुं," तो म्हणाला.
गरब्याचे मांडव अजून पडायचेत,
गणपतीचं निर्माल्य परवाच वाहिलं,
आणि याच्या वहीत दिवाळी भरूनसुद्धा गेली!
धनतेरस ते लाभपाचम, पानभर शहा, पटेल,
मध्येच एक खानविलकर
(म्हणजे आपल्यातलंही कुणी वेळेवर जागं होतं).

हे दरवर्षी म्हणतात, थांब, भाव उतरेल.
संध्याकाळची मेथी आहे का ती, उतरायला?
गेल्या वर्षी थांबलो
आणि द्वारकेला एसटीनं गेलो, पाय सुजवत.

"एक अर्टिगा छे. सकाळीच कॅन्सल झाली.
किती माणसं?"

इथंच अडते मी.
अनघा म्हणते, रजेचं बघते.
गिरीशचं 'नक्की' म्हणजे आठ आणे.
वन्संच्या गुडघ्यांना विचारायचं राहिलंय.
गाडी भाद्रपदात ठरवायची,
माणसं ठरणार नरकचतुर्दशीला, रात्री अकराला.

"सहा," मी म्हणाले,
आणि दोन हजार मोजून ठेवले.
पावतीवर रणदिवेचं रणदेव झालं, नेहमीसारखं.
खाली बारीक अक्षरात: रक्कम परत मिळणार नाही.

सुरसागराच्या कठड्याशी थांबून
अनघाला फोन लावला.
"तुझी खिडकी धरून ठेवलीय."
"अगं आई, अजून दीड महिना आहे!"

मोडुं थई गयुं, मी म्हटलं.