माझे शासन

नेरूळच्या तळ्याकाठी, तिसऱ्या फेरीनंतर,
बाकावर वाद पेटलाय.
राज्यपाल काल म्हणाले, तळं बुजवू नका.
वाघधरे म्हणतात, बरं झालं बोलले,
फीत कापायला कशाला लागतं तोंड?
कुट्टी म्हणतात, आज तळं, उद्या बहुमत,
निवडून न आलेल्या माणसाला
मग गप्प कोण बसवणार?

आणि दोघं माझ्याकडे बघतात,
कारण राजभवनात मी सव्वीस वर्षं लघुलेखक होतो.

मला एकच आठवतं.
अभिभाषणात ‘माझे शासन’ एकवीसदा यायचं,
मंत्रालयातूनच, स्वल्पविरामासकट.
एका वर्षी बाई होत्या राज्यपाल.
अठराव्या ‘माझे शासन’पाशी थांबल्या.
पुढे ओळ होती,
सर्व धरणग्रस्तांचे पुनर्वसन पूर्ण केले आहे.
त्यांनी पेला उचलला.
सावकाश, तळापर्यंत पाणी प्यायल्या.
सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग ओळ वाचली. जशीच्या तशी.

घाबरल्या, वाघधरे म्हणतात.
कुट्टी नुसताच चष्मा पुसतात.

ती प्रत माझ्या ट्रंकेत आहे.
पाण्याची नोंद इतिवृत्तात नाही,
माझ्या वहीतही नाही.
लघुलिपीत सगळ्याला खूण असते,
थांबण्याला नसते,
आणि असती तरी, खरं सांगतो,
नोकरीला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

पलीकडच्या काठाला राडारोड्याने भरलेला डंपर,
इंजिन चालूच.
ड्रायव्हर दारात पाय सोडून बसलाय,
हातात मोबाइल,
कुणाच्या तरी फोनची वाट बघत.