हरकती व सूचना

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
सहा टेबलं जोडून आम्ही जंगल अंथरलं.
कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवले,
डोंगर आपणहून गुंडाळला जाऊ नये म्हणून.
नकाशा माझ्या हातचा. प्रत्येक वाटेला आकडा आहे,
नाव नाही.
नावं लोक बरोबर घेऊन आले.

हिरवी पेन्सिल: गाड्या जाऊ द्या.
लाल: बंद करा.
पिवळी म्हणजे वर्षातले काही महिनेच.
पिवळी सहसा कोणी उचलत नाही.

कोल्बी नावाचा पोरगा, नखांत ग्रीस,
नऊ वाटा हिरव्या करून मोकळा झाला,
चित्रकलेच्या तासाला बसल्यासारखा, जीभ बाहेर काढून.
मग विनिफ्रेड उभी राहिली.
अकरा वर्षं ती एकाच कुरणातले बेडूक मोजते.
वहीतून नुसते आकडे वाचले:
चारशे बारा. तीनशे ऐंशी. शहाण्णव.
सात.
वही मिटली.
'बेडकांनाही मत आहे का?' मागून कोणीतरी.
हसले सगळे. तीही हसली,
कारण बोलणारा तिचा सख्खा भाऊ होता.

वाट क्रमांक तीनशे सतरा.
ऑर्व्हल टॅकेटनं चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली
आणि खालपासून वरपर्यंत, एकाही वळणावर न चुकता,
रेघ ओढली.
'सदुसष्टच्या उन्हाळ्यात मीच कापली ही,
लाकडासाठी, बुलडोझरनं.
लाकूड संपलं. चाकोरी राहिली.
आता जो तो माझ्याच चाकोरीतून
चाकोरीबाहेर जायला निघतो.
मी वाट काढली, मीच वाट लावली.
बंद करा.'

टाळ्या वाजल्या. अर्ध्या.

मायते एचेवेर्रीनं खुर्चीची चाकं टेबलाशी आणली.
तिचा आजा बास्क धनगर,
वरच्या ॲस्पेनच्या राईत मेंढ्या राखायचा.
एका खोडावर त्यानं चाकूनं नाव कोरलंय, आणि साल,
आणि एक घर, जे कधी बांधलं नाही.
'झाडाबरोबर अक्षरं रुंद होत चाललीत,' ती म्हणाली,
'आणि मी चार चाकांशिवाय तिथं पोचत नाही.
ज्याला पाय, त्याचंच जंगल का?'
कोणाचं तोंड न बघता
लाल रेघेवरून हिरवी ओढली.

लालवर हिरवा गिरवला की तपकिरी होतो.
वाट जशी दिसते, तशीच दिसायला लागली,
पावसानंतरची.

बराच वेळ हीटरचाच आवाज.
मी घड्याळ पाहिलं. नियमाप्रमाणे
प्रत्येकी तीन मिनिटं असतात.

मग ऑर्व्हल तिला म्हणाला, जवळजवळ रागानं,
'कधी जातेस?'
'सप्टेंबरात. पानं पिवळी झाल्यावर.'
त्यानं विनिफ्रेडकडे पाहिलं.
तिनं वही उघडली, पानं उलटली, पुन्हा उलटली.
'तोवर पिल्लं पाण्याबाहेर आलेली असतात,' म्हणाली.
'बहुतेक.'
'बहुतेक' हा शब्द मी इतिवृत्तात लिहून घेतला.

पिवळ्या पेन्सिलीचं टोक कारखान्यातून आलं तसंच होतं.
ऑर्व्हलचा हात कापतो, त्यामुळे रेघ
प्रत्यक्षातल्या वाटेपेक्षा जास्त वळणं घेत
कुरणाच्या काठापर्यंत आली
आणि ओढ्याच्या अलीकडे थांबली.
'पुढचं तुम्ही बघा,' म्हणून त्यानं कोट घातला.
कोल्बीनं दार धरलं, मायतेची खुर्ची जाईपर्यंत.
बाहेर त्याची मोटारसायकल
दोन लाथांत सुरू झाली नाही, तिसरीत झाली.

टेबलं सुटी केली. जंगलाची पाच ठिकाणी घडी पडली.
ऑफिसात रात्री एकेक रेघ संगणकावर चढवते आहे.
तिथं तीनच पर्याय आहेत,
तपकिरी नाही.
तीनशे सतरा: पिवळी.
आणि ओढ्यापासून राईपर्यंतचा अर्धा मैल,
लालखाली हिरवा, हिरव्यावर काहीच नाही,
कर्सर त्याच्यावर ठेवून बसले आहे.