पान सात

साखर पेठेत, झेरॉक्सच्या दुकानामागे
दीड टेबल मावेल एवढी माझी जागा.
पाटी नाही. लावली असती तर लिहावं लागलं असतं:
इथे टेंडर भरून मिळेल.
आणि खाली, बारीक अक्षरात:
भरणाऱ्याने एकतीस वर्षं टेंडरं बाद केली आहेत.

सरकारी दवाखान्याच्या भांडार विभागात
लाल पेन्सिल माझ्याकडे असायची.
बयाण्याचा डीडी एक दिवस उशिराचा, बाद.
पान सातवर सही नाही, बाद.
शिक्का तिरका पडला म्हणून मी कुणाला बाद केलं नाही,
पण एकदा तसं मनात आलं होतं.

यादगिरी चिलवेरी दारात उभा राहिला
तेव्हा मी त्याला ओळखलं. त्याने मला नाही, असं वाटलं.
भद्रावती पेठेत सहा माग,
त्यातले दोन भंगारवाल्याची वाट बघणारे.
भुवयांवर सुताची पिंजर, तीही पिकलेली.
“सायेब, दवाखान्याच्या चादरी पानिपतहून यायल्यात म्हणं.
आमी काय मेलाव का हितं?”

मग कागद.
उद्यमचा दाखला काढला, बयाणा माफ झाला.
तीन वर्षांची उलाढाल अटीत बसेना,
म्हणून गल्लीतले चौघे एकत्र आणले.
म्होरक्या कोण, यावर दोन दिवस भांडण,
तिसऱ्या दिवशी गज्जम म्हणाला, यादगिरीचं नाव टाका,
त्याला निदान शिव्या कमी येतात.
सुताचा अहवाल आला, वजन चार ग्रॅमनं कमी.
पुन्हा विणली. पुन्हा पाठवली.
शुद्धिपत्रक निघालं: हिरव्याऐवजी निळा काठ.
काठ बदलला.

तीनला मुदत संपणार.
दोन चाळीसला पेठेतली लाईट गेली.
एकाएकी सगळे माग थांबले,
आणि त्या शांततेत स्क्रीनवरचं ते गोल
फिरत राहिलं, फिरत राहिलं,
माझा जुना इन्व्हर्टर कण्हत होता.
सही आता बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते.
तिला वळण नसतं, शाई नसते.
लिपी नसते.

सत्त्याण्णव साली त्याने पाचशे चादरींचा दर भरला होता.
सगळ्यांत कमी. नमुना मी उजेडाकडे धरून पाहिलेला,
चादर अशी होती की हातातून ठेववेना.
पान सातवर सही होती.
तेलुगूत होती, गोल गोल, मण्यांसारखी.
मी शेरा मारला: सही आढळून येत नाही.
कुणी सांगितलं नव्हतं मला.
घाई होती, की नुसतीच सवय,
आठवत नाही.
शेरा तेवढा आठवतो.

सोमवारी लिफाफे उघडले. आम्ही दुसरे.
पण लहान उद्योगांसाठी अटींत एक ओळ होती,
पहिल्याच्या दराला उतरलात तर थोडा वाटा तुमचा.
ती ओळ मीही नोकरीत कधी मोठ्यानं वाचली नव्हती.
यादगिरी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब मांडत बसला,
ओकटी, रेंडू, मूडू,
सूत, वीज, मजुरी, टेम्पो.
“चादरीमागं सात रुपये उरत्यात.”
थोड्या वेळानं: “सा म्हणा. टेम्पोवाला वाढवनार.”
मग म्हणाला, “हू म्हणा त्यानला.
माग तरी चालू ऱ्हातील.”

करारनामा मात्र अजून कागदावर होतो.
स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, प्रत्येक पानावर सही.
दुकानात झेरॉक्सचा उजेड सरकत होता.
त्याने पेन हातात घेतला, टोपण काढलं, थांबला.
“सायेब, सही मराठीत करू का?
मागं एकदा अडकलती.”

माझ्याकडे न बघता म्हणाला,
की माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून,
ते मला कळलं नाही.

जी आहे तीच करा, मी म्हणालो,
आवाज नीट फुटला नाही,
आणि पान सात
दोन्ही हातांनी सपाट धरून ठेवलं.