विनातिकीट

सकाळी दाढी करताना आरशात दिसलं:
उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यावरनं
एक दोरा सरकला.
मी वस्तरा खाली ठेवला.
दोरा थांबला, मग नाकाकडं वळला,
रोजची गल्ली असल्यासारखा.

केशवनगरात डोळ्यांत काही जाणं नवं नाही.
धूळ, कुंभारवाड्याच्या भट्टीची राख, चिलटं.
सुनेनं पदराचा बोळा करून ऊब दिली,
शेजारच्या कामठ्यांनी गुलाबपाणी सांगितलं.
पण कचरा पापणी मिटली की टोचतो,
हा पापणीखाली कूस बदलत होता.

होले डॉक्टर पोरगेलीच.
हनुवटी टेकवा म्हणाली, कपाळ पुढं,
आणि उजेडाची एक उभी फट
माझ्या डोळ्यात सारली.
"आहे," ती म्हणाली, अगदी हळू,
झोपलेल्या पोराजवळ बोलतात तसं.
"जंत आहे. उजेड सोसत नाही त्याला. आत पळतोय."

मी बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली.
स्वारगेट, पूलगेट, हडपसर गाडीतळ.
विनातिकीट माणूस मला पाठीवरनं कळायचा,
खिडकीबाहेर जरा जास्तच बघतो.
म्हणून विचारलं, हा चढला कुठं?

तिनं केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
कुत्रं. डास. माणूस.
कुत्र्याच्या रक्तातली बारीक पिल्लं डासात उतरतात,
तिथं दहा-पंधरा दिवस वाढतात,
मग डास पुढं ज्याला चावेल
त्याच्या कातडीत शिरतात.
जायचं असतं दुसऱ्या कुत्र्यात.
"तुम्ही त्याचा चुकलेला थांबा, काका.
माणसात त्याचं पुढं काही होत नाही.
महिनोन्‌महिने नुसता हिंडतो कातडीखाली,
वाट मिळेल तिकडं."

मी डास आठवायला लागलो.
कुठला आठवणार?
नदीत जलपर्णी माजली की
मुंढव्याच्या पुलावर तिन्हीसांजेला डासांचा खांब उभा राहतो,
तोंड उघडून बोलायची सोय नाही.
कुत्रं मात्र चटकन आठवलं.
डबल.
दोनदा भुंकून गप्प होतो म्हणून डबल,
दोन घंट्या दिल्या की गाडी निघते, तसा.
निवृत्तीच्या दिवशी आगाराच्या गेटापासून मागं आला,
माझ्या गळ्यात अजून हार होता,
आणि राहिला.
संध्याकाळी नदीकाठच्या पायरीवर दोघं बसतो.
एकाच डासानं आधी त्याला विचारलं असेल, मग मला.

काढायला वीस मिनिटं लागली.
थेंब, मग बधिर करायची सुई, मग खोलीतला दिवा मंद,
तो वर यावा म्हणून.
दुखलं नाही. ओढ तेवढी कळली,
सदऱ्याचा उसवलेला धागा कुणी ओढत राहावं
आणि तो संपूच नये.
बाटलीत, मिठाच्या पाण्यात, दाखवला.
बोटापेक्षा लांब, पांढरा, अजून वळवळणारा.
"मादी आहे," डॉक्टर म्हणाली. "एकटीच होती."
ते मला का लागलं, सांगता येत नाही.

सून म्हणाली, आधी ते कुत्रं बाहेर काढा.
मी काही बोललो नाही.
पट्टी सुटल्यावर डबलला रिक्षात घातला
(रिक्षावाल्यानं जास्तीचे पन्नास घेतले, पावती नाही)
आणि औंधला जनावरांच्या दवाखान्यात नेला.
पुढच्या पायातलं थेंबभर रक्त
काचेवर ठेवलं.
बघायचंय का, तिथला पोरगा म्हणाला.
मी सवयीनं उजवा डोळा लावला,
तोच, अजून लाल असलेला.

आधी नुसतं धूसर.
मग पोरानं चाक फिरवलं,
आणि तांबड्या गोल गर्दीतनं
सुतासुतासारखे ते,
धक्के देत, अंग चोरत, मागून पुढं सरकत,
दारापर्यंत भरलेली गाडी.
मी बोटांवर मोजायला लागलो.
टेबलाखाली डबल
दोनदा भुंकला.